बर्फाचं पाकीट कानाशी

आमच्याकडे आपत्तीसाठीचा प्लॅन होता. चौऱ्याहत्तर पानांचा, स्पायरल बाइंडिंग केलेला, दुसऱ्या मजल्यावर शेठजींच्या केबिनमध्ये. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात नाग नदीचं पाणी आमच्या तळघरात शिरलं, तेव्हा तो कोरडा ठणठणीत राहिला. पुढचे चार दिवस त्याला कुणी हात लावला नाही. मीही नाही, आणि तो बनवून घ्यायचा हट्ट माझाच होता. पाचव्या दिवशी केबिन झाडणाऱ्या बाईंनी विचारलं, हे रद्दीत टाकू का.

आमचा धंदा औषधांच्या घाऊक वितरणाचा. सीताबर्डीच्या अंगाला, नाग नदीपासून फार लांब नाही असं ऑफिस आणि गोडाऊन. अडतीस माणसं. रोजचं कामकाज माझ्याकडे. रामदासपेठ-धंतोलीतली हॉस्पिटलं, शहरातली मेडिकल दुकानं आणि तिकडे छिंदवाडा, सिवनीपर्यंतचे गिऱ्हाईक. त्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि मोरभवनच्या बसस्टँडमध्ये बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. आमच्या तळघरात बिलिंगचा सर्व्हर होता, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या होत्या, आणि सर्व्हरच्याच डोक्यावर ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्क होती. बॅकअप रोज रात्री दहाला न चुकता होत होता. मूळ आणि नक्कल दोघांना एकदमच जलसमाधी मिळाली.

पण ज्याची आठवण अजून टोचते ते नुकसान तळघरातलं नाही. तळमजल्यावरच्या कोल्ड रूममध्ये पाणी शिरलं नव्हतं. लाईट मात्र गेलेली, आणि जनरेटर मागच्या अंगणात गुडघाभर पाण्यात. आत इन्सुलिन. आदल्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं, अर्धा स्टाफ गावी. नऊ वाजेपर्यंत आम्ही तिघं पोचलो. त्यातला एक मुलगा दीड महिन्यापूर्वी लागलेला. मी शेठजींशी, विमा एजंटशी, हॉस्पिटलवाल्यांशी फोनवर बोलण्यात गुंतलो आणि या पोराने मला न विचारता, चांगल्या मनाने, डीप फ्रीझरमधली बर्फाची पाकिटं काढून थर्माकोलच्या खोक्यांत इन्सुलिनच्या वर-खाली रचली आणि टेम्पो करून खोकी वर्धमाननगरच्या एका ओळखीच्या कोल्ड रूमकडे रवाना केली. मी त्याची पाठ थोपटली. संध्याकाळी खोक्यांतल्या डेटा लॉगरचा, म्हणजे तापमान नोंदवत राहणाऱ्या यंत्राचा, आलेख काढला. रेषा दोनच्या खाली गेली होती, शून्याच्या खाली गेली होती, उणे तीनपर्यंत जाऊन आली होती.

इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं, हे आमच्याकडे झाडूवाल्यालाही माहीत आहे. उन्हाची भीती सगळ्यांच्या डोक्यात असते, थंडीची कुणाच्याच नसते. इन्सुलिन एकदा गोठलं की संपलं. पुन्हा वितळल्यावर पुष्कळदा ते दिसायला जसंच्या तसं दिसतं, पण भरवशाचं राहत नाही. सहा खोकी बाद केली.

सोमवारी गोडाऊनचे मामा काटोलकडच्या गावाहून परत आले. बावीस वर्षं आमच्याकडे आहेत. बाद झालेल्या खोक्यांकडे त्यांनी पाहिलं, बाजूला पडलेलं एक पाकीट उचललं आणि त्या पोराला विचारलं, "कानाशी नाही लावलं का बे?"

मला काही कळलं नाही. मामांनी समजावलं. फ्रीझरमधून पाकीट काढलं की ते दगड असते, उणे वीसचं. तसंच ठेवलं तर लागून असलेला माल गोठते. बाहेर ठेवायचं, वर दव येऊ द्यायचं, मग कानाशी धरून हलवायचं. आत पाणी खळखळलं, बर्फ सुटून हलायला लागला, की मग भरायचं. बावीस वर्षं ते हे करत होते. चौऱ्याहत्तर पानांत या जागी एकच ओळ होती: "शीतसाखळीतील औषधे पर्यायी ठिकाणी हलवावीत."

काका भेटले ते दिवाळीच्या फराळाला. शेठजींच्या मेहुण्यांचे मित्र, एका बँकेच्या मुंबईतल्या डेटा सेंटरमधून निवृत्त होऊन लक्ष्मीनगरला परत आलेले. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, ते ड्यूटीवर होते आणि अडीच दिवस घरी गेले नव्हते. मी त्यांना आमची कथा ऐकवली आणि विचारलं, आमचा प्लॅन एकदा नजरेखालून घालाल का. ते चकलीचा तुकडा मोडत म्हणाले, "प्लॅन नको दाखवू. गोडाऊनची चावी कोणाकोणाकडे आहे ते सांग."

दोघांकडे, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी विचारल्यावर निघाल्या पाच. त्यातली एक नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे.

शिकवायला ते तयार झाले. पैसे घेणार नव्हते, पण अटी होत्या. पहिली, तीन महिने कागदावर प्लॅन म्हणून काहीही लिहायचं नाही. दुसरी, दर रविवारी सकाळी सात वाजता तर्री-पोह्याच्या ठेल्यावर यायचं. तिसरी अट मला तेव्हा विचित्र वाटली: या रविवारी मी जे तुला सांगेन ते आठवड्यात आपल्या माणसांपैकी एकाला शिकवायचं, आणि पुढच्या रविवारी त्या माणसाला घेऊन यायचं. परीक्षा त्याची. तू नुसतं पोहे खायचे.

पहिल्यांदा मी आमच्या बिलिंगच्या ताईंना नेलं. आठवडाभर मी त्यांना व्याख्या शिकवल्या होत्या. आरटीओ म्हणजे काम बंद पडल्यावर किती वेळात ते परत उभं राहायला हवं ती मुदत. आरपीओ म्हणजे मागच्या किती वेळाची माहिती गमावली तर चालेल ती मर्यादा. ताईंनी आधी विचारलं होतं की यात लायसन्सचं काय. पण पाठ केलं बिचारीनं, आणि ठेल्यावर धडाधड म्हणून दाखवलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे याचं झालं. तुमचं सांगा."

ताई थोड्या थांबल्या. मग म्हणाल्या, "काका, सोमवारी अकरा वाजेपर्यंत बिल हाती पडलं नाही नं, तर दुकानदार दुसऱ्या स्टॉकिस्टला ऑर्डर टाकून मोकळा होते. बाकी वारी दुपारपर्यंत थांबते. सोमवारी नाही थांबत."

काका माझ्याकडे वळले. "तू किती लिहिलं होतं?"

चार तास. आठवड्याच्या सगळ्या वारांना, सगळ्या कामांना, चार तास. सल्लागाराने दिलेल्या तक्त्यात तो आकडा आधीच भरलेला होता आणि मी तो खोडला नव्हता. आणखी एक गोष्ट ताईंनी त्याच बैठकीत सांगून टाकली. रात्री दहाला बॅकअप होतो म्हणजे संध्याकाळी सात वाजता सर्व्हर गेला तर दिवसभराची बिलं गेली; पण मालासोबत जाणाऱ्या चालानच्या गुलाबी प्रती त्या स्वतःच्या ड्रॉवरमध्ये महिनाभर जपून ठेवतात, त्यावरून दिवसाची बिलं दीड दिवसात परत चढवता येतात. पुरानंतर त्यांनी तेच तर केलं होतं. मला वाटत होतं की सॉफ्टवेअरवाल्याने काहीतरी करून डेटा काढून दिला. ती बाई दोन दिवस नऊ-नऊ वाजेपर्यंत बसली होती आणि व्यवस्थापक म्हणवणाऱ्या मला त्याचा पत्ता नव्हता.

मग सुरू झालं मामांचं प्रकरण. यात चार महिने गेले आणि ते जाणारच होते.

मी आधी मोबाईल समोर धरून म्हणालो, मामा, कोल्ड बॉक्स कसा भरायचा ते सांगा. मामांनी शर्टाची वरची गुंडी लावली, ताठ उभे राहिले आणि भाषण केल्यासारखं म्हणाले, "सर्वप्रथम स्वच्छता राखावी." दीड मिनिटाच्या त्या व्हिडिओत कानाचा उल्लेखच नव्हता. काकांना दाखवला तर ते हसत सुटले. म्हणाले, कसं करता असं विचारलं की माणूस सरकारी बोलतो. कधी फसलं होतं ते विचार. आणि मोबाईल खिशात ठेव.

पुढच्या वेळी मी मामांबरोबर लोडिंगच्या फळीवर बसलो, चहा मागवला आणि विचारलं, तुमच्या हातून कधी माल गेला का. मामा आधी गप्प. मग म्हणाले, "गेला होता नं. तवा मी नवीन होतो." आणि मग ते दोन तास बोलत होते. लोडशेडिंगच्या काळात एका मे महिन्यात त्यांनी पाकिटं दगड असतानाच भरली होती, लसींच्या खोक्यात. तेव्हाच्या म्हाताऱ्या गोडाऊन कीपरने त्यांना सगळ्यांसमोर झापलं आणि मग एका बाजूला घेऊन कानाशी पाकीट धरायला शिकवलं. जनरेटर दर शनिवारी नुसता चालू-बंद करून उपयोग नसतो, कोल्ड रूमचा लोड देऊन अर्धा तास चालवावा लागतो. पावसाळ्यात डिझेलच्या टाकीच्या तळाशी पाणी जमतं, ते खालच्या बोल्टमधून काढावं लागतं. कोल्ड रूमचं दार कुठल्या कोपऱ्यात नीट बसत नाही, तिथे ते रबराखाली घडी घातलेला कागद सरकवतात. हा शेवटचा मुद्दा ऐकून मी उठून गेलो आणि पाहिलं. खरोखर कागद होता. एका औषध कंपनीच्या कॅलेंडरचा, २०१९ सालचा.

हे सगळं मी रात्री घरी जाऊन लिहीत होतो, काकांच्या अटीच्या विरुद्ध, चोरून. एक कार्ड तयार केलं: "बर्फाचे पाकीट फ्रीझरमधून काढून २० मिनिटे बाहेर ठेवावे." मामांना वाचून दाखवलं.

"कोणत्या महिन्यातले वीस मिनिटं?" मामा म्हणाले.

मी गप्प झालो. नागपूरच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत पाकीट चहा संपेपर्यंत खळखळायला लागतं. डिसेंबरच्या सकाळी तेच पाकीट पाऊण तास ढिम्म असतं. मामांची पद्धत घड्याळावर नाही, आवाजावर आहे, म्हणूनच ती बारा महिने चालते. मी ती लिहून काढताना आवाज गाळला होता आणि मिनिटं घातली होती, कारण मिनिटं लिहायला सोपी. अनुभवी माणसाचं ज्ञान कागदावर येताना काय गळतं हे मला त्या एका प्रश्नाने जेवढं कळलं तेवढं कुठल्याही प्रशिक्षणात कळलं नव्हतं.

आणि मग एके दिवशी मामा बोलायचे बंद झाले. चहा घ्यायचे, पाऊसपाण्यावर बोलायचे, कामाचं विचारलं की "सांगितलं तर सगळं" म्हणायचे. मला वाटलं कंटाळले असतील. त्या कॅलेंडरच्या कागदाचा मी मोठा गाजावाजा केला होता, दार दुरुस्त करून घेतलं होतं, त्याचा राग असेल असंही वाटलं. शेवटी बिलिंगच्या ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊ, मामांचं अठ्ठावन्न चालू आहे. ते म्हणतात, सगळं यांच्या वहीत गेलं की मग माझं काय काम?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण भीती खोटी नव्हती. आमच्याच लाइनीत एका फर्ममध्ये हेच झालं होतं. म्हाताऱ्या माणसाकडून सगळं काढून घेतलं आणि सहा महिन्यांत त्याला घरी बसवलं. ज्ञान वाटा, वाढतं, असं व्यासपीठावरून बोलणाऱ्यांची नोकरी त्या ज्ञानावर अवलंबून नसते. मी शेठजींकडे गेलो. शेठजी तसे मोजून बोलणारे. त्यांनी दोन दिवस घेतले आणि मग मामांना बोलावून सांगितलं की साठीनंतर तीन वर्षं आठवड्यातून तीन दिवस यायचं, ओझं उचलायचं नाही, शिकवायचं, आणि पगार अमुक. लेटरहेडवर लिहून सही करून दिलं. मामांनी ते पत्र घरी नेऊन जावयाकडून वाचून घेतलं. मगच पुढचं सुरू झालं. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले की बँकेत ही चूक त्यांच्या हातून झाली होती, आणि त्यावर अधिक काही बोलले नाहीत.

काका म्हणतील ते सगळं मला पटायचं असं नाही. तीन महिने काही लिहायचं नाही ही त्यांची अट मला आजही आततायी वाटते. त्याच काळात एका मोठ्या औषध कंपनीची प्रश्नावली आली. तुमच्याकडे आयएसओ २२३०१ (आपत्तीतही काम चालू ठेवण्याचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे व्यवस्था आहे का, शेवटचा सराव कधी घेतला, पुरावा जोडा. रविवारी पोहे खाल्ले हे पुरावा म्हणून जोडता येत नाही. मी जुना प्लॅन झाडून-पुसून पाठवला आणि मनातून लाज वाटली. नंतर ते मानक मी वाचलं. २०१२ चं, २०१९ मध्ये सुधारलेलं. त्यात सराव घेण्याचं वेगळं कलम आहे, माणसांना काम येतं की नाही हे पाहायचं आहे, परिणामांचं विश्लेषण आहे; म्हणजे काका जे ठेल्यावर करत होते तेच. काकांनी सुरुवातीलाच ते दाखवलं असतं तर माझे काही आठवडे वाचले असते. त्यांचं म्हणणं असं की दाखवलं असतं तर तू पुन्हा तक्ते भरत बसला असतास. खरं असेल.

२०२४ च्या मे अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने छप्पन अंश दाखवले, देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. मामा म्हणाले, "यंत्रालेही ऊन लागलं बाप्पा." त्यावरून विषय निघाला आणि कोल्ड रूममध्ये लॉगरच्या शेजारी एक साधा थर्मामीटर टांगला गेला. ही कल्पना त्या नव्या पोराची, ज्याने इन्सुलिन गोठवलं होतं. पुढे १९ जुलैला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरातली सुमारे पंच्याऐंशी लाख विंडोज यंत्रं बंद पडली आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. आमच्याकडे काहीच झालं नाही. रात्री काकांचा फोन: "तुमचं बंद पडलं असतं तर हाताने चालान लिहिता येते का कोणाला?" दुसऱ्या दिवशी शनिवारी दुपारी तासभर सगळे संगणक बंद ठेवून लिहून पाहिलं. बारापैकी नऊ चालानांवर बॅच नंबर नव्हता. औषधाच्या व्यवहारात बॅच नंबर नसलेला कागद म्हणजे माल परत बोलवायची वेळ आली तर अंधार. संगणक तो आपोआप छापत होता, त्यामुळे तो लिहायचा असतो हेच लोक विसरले होते.

खरा सराव फेब्रुवारी २०२५ मध्ये झाला. काकांनी चिठ्ठ्या आणल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एकेकाचं नाव. ज्याची निघेल तो आज हजर नाही. खोलीत बसायचं, पण तोंड उघडायचं नाही, डोळ्यांनीही खुणा करायच्या नाहीत. प्रसंग असा की ऑफिसची इमारत वापरता येत नाही, आणि सिवनीच्या एका हॉस्पिटलला दुपारी तीनपर्यंत माल निघायला हवा.

चिठ्ठी माझी निघाली. काकांनी ती मुद्दाम काढली असा माझा संशय आहे. ते नाही म्हणतात.

सुरुवात झकास झाली. मामांच्या हाताखालच्या पोराने पाकिटं काढली, ताईंनी घरच्या लॅपटॉपवरून बिल बनवलं, गाडीवाला मिळाला. मी खुर्चीत बसून मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत होतो. मग ताई ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, काढायला बसल्या. परराज्यात पन्नास हजारांवरचा माल जातो तर ते लागतंच. युजर आयडी टाकला, पासवर्ड टाकला, आणि माझ्या खिशातला फोन वाजला.

ओटीपी.

त्या वर्षीच्या जानेवारीपासून मोठ्या उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्या पोर्टलवर ओटीपीची सक्ती झाली होती आणि फेब्रुवारीपासून ती आमच्यावर आली होती. नंबर माझा दिलेला. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. काकांनी ताईंकडे पाहून नकारार्थी मान हलवली. मी खिशावर हात ठेवून बसून होतो आणि सिवनीचा माल अठरा मिनिटं जागचा हलला नाही. कुणी म्हणालं पोर्टलच्या हेल्पलाइनला लावा, कुणी म्हणालं सीएंना. सीए फोन उचलेनात. ती अठरा मिनिटं मला कॉलर धरून बसवून ठेवल्यासारखी वाटली. मामांना आणि त्या पोराला मी वर्षभर सांगत होतो की एकाच माणसाच्या डोक्यात काही ठेवायचं नाही, आणि अख्ख्या फर्मचं एक दार माझ्या पॅंटच्या खिशात होतं. बँकेचा ओटीपीही तिथेच होता, तो कुणी त्या दिवशी मागितला नाही एवढंच.

इलाज साधा होता. त्या पोर्टलवर उपवापरकर्ते करता येतात आणि त्यांचा ओटीपी त्यांच्या स्वतःच्या नंबरवर जातो. ताई आणि अकाउंटंट अशी दोन नावं त्याच संध्याकाळी घातली. पंधरा मिनिटांचं काम.

एव्हाना आजूबाजूच्या चार-पाच फर्मवाल्यांना कुणकुण लागली होती. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आमच्या गच्चीवर बसायला लागलो. सगळे एकमेकांचे स्पर्धक, त्यामुळे पहिल्या दोन बैठका निव्वळ बढाईत गेल्या. आमच्याकडे क्लाउड आहे, आमच्याकडे दोन डीजी (डिझेल जनरेटर) आहेत. तिसऱ्या बैठकीला काकांनी नियम घातला की येणाऱ्याने आधी आपलं फसलेलं सांगायचं, मगच चहा. मी गोठलेल्या इन्सुलिनची गोष्ट सांगितली, ओटीपीसकट. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पलीकडच्या गल्लीतल्या एका वयस्कर भाऊंनी सांगितलं की पुराच्या दिवशी त्यांचा मालही उन्हात राहिला होता आणि तो बाद करायचा की नाही हे ठरवायला त्यांना तीन दिवस लागले. ते ज्या आवाजात बोलले त्यावरून मी पुढचं विचारलं नाही. आज त्यांची आणि आमची कोल्ड रूम एकमेकांसाठी राखीव जागा ठेवते, दोन पानी करार आहे, विमा कुणाचा आणि चावी कुठे एवढंच त्यात आहे. गिऱ्हाइकांच्या याद्या आणि भाव गच्चीवर काढायचे नाहीत हेही ठरलं आहे. ते सगळ्यांनी पाळलंच असेल अशी माझी भाबडी समजूत नाही.

जुलै २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा झोडपलं. शाळांना सुट्टी दिली होती. मी साळ्याच्या साखरपुड्यासाठी पुण्यात. सकाळी सात वाजता फोन लावला तर पोराने उचलला आणि माझं बोलणं अर्धवट तोडून म्हणाला, "भाऊ, ठेवा फोन, ऐकू नाही येऊन राह्यलं." मला वाटलं रेंज नाही. पाकिटातलं ऐकू येत नव्हतं. बाजूला जनरेटर सुरू होता आणि त्या आवाजात खळखळ कळेना, म्हणून तो पाकिटं घेऊन जिन्यात जाऊन उभा होता. हे आमच्या कुठल्याही कार्डावर नव्हतं.

माल पलीकडच्या गल्लीत सुखरूप गेला. लॉगरची रेषा चार आणि सहाच्या मध्ये. मामा तरी कुरकुरलेच, की पाकिटं पाच मिनिटं जास्त बाहेर राहिली, पोरगा जिन्यात गाणी ऐकत असेल.

रविवारी ठेल्यावर मी पोराला घेऊन गेलो. छाती फुगवून. काकांनी सगळं ऐकलं, तर्री आणखी घालून घेतली आणि त्याला विचारलं, "जिन्यात जायचं हे तू कोणाला सांगितलं?"

"अजून कोणाले नाही."

"मग पुढच्या रविवारी दोघं या."

पोराने माझ्याकडे पाहिलं. मी पोहे खात होतो.